दर रविवारी एक पान

मंडळाच्या कार्यक्रमांत भेटणारे अनेक जण म्हणतात, "लिहावंसं खूप वाटतं हो, पण सुचत नाही." बँकेत ३४ वर्षे नोकरी करताना मीही हेच म्हणत होतो. माझ्या बाबतीत त्याची किंमत काय झाली, ते आधी सांगतो.

आईला हादग्याची गाणी तोंडपाठ होती. आजोबा सातारा जिल्ह्यातून नोकरीसाठी बडोद्याला कसे आले, पहिली दोन वर्षे कुणाच्या माडीवर राहिले, ही हकिकत ती ओट्यावर बसून रंगवून सांगायची. मी म्हणायचो, "रिटायर झालो की सगळं लिहून काढतो." मी निवृत्त झालो तेव्हा आईला माझे नावही आठवेनासे झाले होते. तिच्या गाण्यांपैकी आज माझ्याकडे दोन चाली आहेत, शब्द नाहीत.

ती गेल्यावर मी लिहायला बसलो. गेली सहा वर्षे दर रविवारी सकाळी एक पान लिहितो. मी साहित्यिक नाही, बी.कॉम. झालेला माणूस आहे. पण या सहा वर्षांत जे कळले, ते आपल्यापैकी कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून मांडतो.

आधी लिहिणे, मग सुचणे

सुचले की लिहू, असे आपण म्हणतो. अनुभव उलटा आहे. लिहायला बसण्याचा वार ठरला की सुचू लागते. रविवारी पान लिहायचे आहे हे डोक्यात असले की बुधवारी भाजीबाजारात ऐकलेले एखादे वाक्य कानात राहते. एरवी ते कधीच विसरलो असतो.

बँकेतल्या भाषेत सांगायचे तर ही आवर्ती ठेव आहे. दरमहा थोडी रक्कम भरणाऱ्याला पहिल्या वर्षी काही विशेष वाटत नाही. पण हप्ता चुकवला नाही तर मुदतीअखेर हातात येणारी रक्कम पाहून तोच चकित होतो. आठवड्याला एक पान म्हणजे वर्षाला ५२ पाने. "एकदा निवांत बसून पुस्तक लिहीन" म्हणणाऱ्याकडे वर्षाअखेर बहुधा कोरी वहीच असते.

नोकरी सांभाळून लिहिणारे

ही वाट जुनी आहे. गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, सरकारी नोकरीत होते. १८४८ ते १८५० या काळात, पंचविशीच्या आसपास, त्यांनी 'प्रभाकर' साप्ताहिकात १०८ पत्रे लिहिली. पत्र लहान, विषय एक आणि बोलणे थेट. शतपत्रे म्हणून आज आपण जी ओळखतो ती अशी एकेक करून साठली.

दुसरे उदाहरण तर आपल्या बडोद्याचेच. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले. राजपुत्रांना इतिहास शिकवण्यासाठी ते टिपणे काढीत. त्या टिपणांतूनच त्यांचे रियासतींचे लेखन उभे राहिले आणि ते 'रियासतकार' झाले. १९२५ साली नोकरी सोडल्यावर, वयाच्या पासष्टीच्या सुमारास, त्यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदपत्रांचे ४५ खंड संपादित करण्याचे काम हाती घेतले. निवृत्तांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावे.

"आता या वयात काय लिहायचं?" असे वाटणाऱ्यांसाठी लक्ष्मीबाई टिळक आहेत. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला. त्यांचे वय तेव्हा ६६ होते. शाळेत शिक्षण झालेले नव्हते. घरात बोलतात तशा भाषेत त्यांनी आपले आयुष्य सांगितले, आणि ते पुस्तक आजही वाचले जाते.

तिघांनाही आभाळातून विषय मिळाले नाहीत. रोज डोळ्यांसमोर होते, त्यातूनच त्यांनी लिहिले.

माझी पद्धत

पहिली गोष्ट टिपणवही. खिशात मावेल एवढी. ऐकलेला शब्द, जुन्या दुकानाची पाटी, कुणाची बोलण्याची लकब, जे दिसेल ते एका ओळीत त्याच दिवशी लिहायचे. काउंटरवर व्यवहार झाला की लगेच व्हाउचर करतात, उद्यावर ठेवत नाहीत. इथेही तसेच.

दुसरी गोष्ट, विषय लहान घ्यायचा. 'माझे बालपण' हा विषय घेतला की पेन अडते. 'आमच्या वाड्यातला नळ' हा घेतला की पान पुरत नाही. नळावरच्या रांगेत अख्खे बालपण येऊन उभे राहते.

तिसरी गोष्ट, पहिला खर्डा न थांबता लिहायचा. शुद्धलेखन, खाडाखोड, काही पाहायचे नाही. मग दोन दिवस वही बंद. मंगळवारी ते पान मोठ्याने वाचायचे. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य बिघडलेले असते. जिथे स्वतःलाच कंटाळा येतो तिथे काट मारायची. माझ्या पानातला साधारण चौथा हिस्सा मंगळवारी जातो, आणि त्याचे आता वाईट वाटत नाही.

चौथी गोष्ट, एक खरा वाचक. "छान आहे" म्हणणारे पुष्कळ मिळतात. "इथे कळलं नाही" असे सांगणारा एकच पुरे. माझ्याकडे ते काम घरातच होते. माझे पहिले पान वाचून सौ. म्हणाल्या, "अहो, हे पत्र कुठल्या शाखेला पाठवायचंय?" पुन्हा पाहिले तर तीन वाक्यांची सुरुवात 'सदर'ने होती आणि दोन ठिकाणी 'अनुषंगाने' होते. ३४ वर्षांची सवय! ती मोडायला वर्ष गेले.

सुधारणा कुठे दिसते

आपण सुधारतो आहोत की नाही, हे रोज कळत नाही. म्हणून दर दिवाळीला मी मागच्या वर्षीचे एक पान काढतो आणि तोच विषय पुन्हा लिहितो. सहा वर्षांपूर्वी मी लिहिले होते:

"निसर्गरम्य सूरसागर तलावाच्या काठी व्यतीत केलेल्या बालपणीच्या रम्य आठवणी आजही मनात रुंजी घालतात."

आता तेच असे लिहिले आहे:

"सूरसागरच्या कठड्यावर बसून आम्ही शेंगा खायचो आणि टरफलं खिशात भरून घरी आणायचो. पाण्यात टाकली की मागून दादांचा आवाज यायचा."

पहिले वाक्य कुठल्याही गावच्या कुठल्याही तलावाबद्दल लिहिता येईल. दुसरे आमच्या दादांशिवाय लिहिता येणार नाही. सहा वर्षांची कमाई विचाराल तर एवढीच, आणि मला ती पुरेशी वाटते.

काहीच सुचत नाही तेव्हा

असे रविवार येतात. तेव्हा मी घरातली एक जुनी वस्तू समोर ठेवतो आणि ती कुठून आली, कुणी वापरली, आता कुठे असते, एवढे लिहितो. आईच्या पितळी डब्यावर अशी तीन पाने झाली. किंवा एखाद्या ज्येष्ठ नातेवाइकाला फोन करून एकच प्रश्न विचारतो. "काकू, तुम्ही बडोद्याला आलात त्या दिवशी स्टेशनवर कोण आलं होतं?" असे विचारले की पान आपोआप भरते. शिवाय काकूंची संध्याकाळही बरी जाते.

आणि वाचन सोडायचे नाही. ज्या महिन्यात मी चांगले मराठी वाचत नाही, त्या महिन्यात माझी वाक्ये पुन्हा शाखेला पाठवण्यासारखी होतात.

आपल्यासाठी हे महत्त्वाचे का

१९०९ साली आणि पुन्हा २०१८ साली साहित्य संमेलन बडोद्यात भरले. त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण संमेलनाचा मांडव चार दिवसांत उतरतो. आपल्या घरांतली मराठी, जिच्यात आम्ही खिडकीला सहज 'बारी' म्हणतो आणि सेव-उसळीसाठी घरचा स्वयंपाक विसरतो, ती कुठल्याही कोशात पूर्ण सापडणार नाही. ती आपणच लिहायला हवी. पुण्या-मुंबईचा लेखक कितीही मोठा असला तरी तो ती लिहू शकणार नाही.

माझी नात गुजराती आणि इंग्रजी भराभर वाचते, मराठी बोट ठेवून वाचते. मागच्या महिन्यात तिने डब्याचे पान वाचले, अर्धा तास लागला. वाचून झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि तो डबा उघडून आत काय आहे ते पाहून आली. मग म्हणाली, "आजोबा, पणजी गाणी म्हणायची ना? ती लिहून ठेवलीत का?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. तुमच्या घरात ती गाणी म्हणणारे कुणी असेल, तर येत्या रविवारची वाटही पाहू नका. आजच वही घेऊन त्यांच्याजवळ बसा.