नेत्यांची घरे : भाड्याच्या घरातला मुख्यमंत्री

गेल्या आठवड्यात आपण दिल्लीचे तीन मूर्ती भवन पाहिले. ब्रिटिश सरसेनापतीसाठी बांधलेली ती वास्तू 1948 ते 1964 या काळात पंतप्रधान नेहरूंचे अधिकृत निवासस्थान होती. आज जायचे आहे चेन्नईला, एका साध्या घरात.

वेस्ट मांबलम ही देवळांची, भजनमंडपांची जुनी मध्यमवर्गीय वस्ती. दुरैसामी सबवेतून रेल्वे रुळांपलीकडे गेले की साड्या आणि सोन्याच्या दुकानांनी गजबजलेले टी. नगर लागते. तिथल्या तिरुमलै पिळ्ळै रस्त्यावर के. कामराज यांचे निवासस्थान आहे. ते आता सरकारी स्मारक आहे. आत त्यांची छायाचित्रे आणि वापरातल्या वस्तू मांडल्या आहेत.

कामराज 1954 ते 1963 अशी नऊ वर्षे मद्रास राज्याचे मुख्यमंत्री होते. एवढा काळ सत्तेवर असलेला हा माणूस या घरात भाडे भरून राहत होता. लग्न केले नव्हते. आई शिवकामी अम्माळ विरुदुनगरच्या घरीच राहिल्या. वडील लवकर गेल्याने कामराजांची शाळा लहानपणीच सुटली होती. त्याच माणसाच्या कारकिर्दीत गावोगाव शाळा निघाल्या, आणि 1956 पासून शाळेत दुपारचे जेवण मिळू लागले, कारण उपाशी पोराला अभ्यास कसा सुचणार?

1963 साली त्यांनी नेहरूंपुढे एक योजना ठेवली : ज्येष्ठांनी मंत्रिपदे सोडावीत आणि पक्षाच्या कामाला लागावे. ही ‘कामराज योजना’. तिच्यात सहा केंद्रीय मंत्री आणि सहा मुख्यमंत्री पायउतार झाले. लालबहादूर शास्त्री, मोरारजी देसाई यांच्याबरोबर आपले स. का. पाटीलही त्यांत होते. स्वतः कामराजांनी 2 ऑक्टोबर 1963 रोजी मुख्यमंत्रिपद सोडले.

या घराचे महत्त्व मला इथे दिसते. मंत्रिपद गेले की बंगला जातो. बंगल्याबरोबर नोकरचाकर, दारातली वर्दळ, घरच्यांची सवयीची राहणी, सगळेच जाते. पद सोडवत नाही, त्याचे हेही एक कारण असते. कामराज मुख्यमंत्री होते तेव्हा याच घरात राहिले आणि पद सोडल्यावरही याच घरात. इतरांकडे त्याग मागण्याचा अधिकार त्यांना या राहणीने दिला. पुढे काँग्रेस अध्यक्ष म्हणून 1964 मध्ये शास्त्री आणि 1966 मध्ये इंदिरा गांधी यांना पंतप्रधान करण्यात त्यांचाच शब्द वजनदार ठरला.

2 ऑक्टोबर 1975 रोजी, राजीनाम्याला बरोबर बारा वर्षे झाली त्या दिवशी, याच घरात त्यांचे निधन झाले. मागे उरलेली रोकड शे-सव्वाशे रुपयांच्या आसपास होती, असे तमिळनाडूत आजही सांगतात. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले.

म्हणून चेन्नईला गेलात तर खरेदीच्या पिशव्या घेऊन परतण्याआधी इथे जरूर जा. मुलांना बरोबर न्या. तिथल्या वस्तू दाखवा आणि सांगा, राज्य चालवणाऱ्या माणसाला एवढे पुरत होते. आपल्या प्रतिनिधींकडून काय अपेक्षा ठेवायची, हे त्यांना इथे कळेल.

(पुढील आठवड्यात : यशवंतराव चव्हाणांचे कऱ्हाडचे घर, ‘विरंगुळा’)