पाटा एक, कामं तीन

शेव्हरलेने 1966 च्या सप्टेंबरात कॅमारो बाजारात आणली, ती फोर्डच्या मस्टँगला टक्कर द्यायला. नाक लांब, शेपूट आखूड, आणि एसएस 350 च्या बॉनेटखाली 5.7 लिटरचं व्ही-8 इंजिन, कागदावर 295 अश्वशक्तीचं. मागच्या अ‍ॅक्सलखाली मात्र दोन्ही बाजूंना स्प्रिंगचा एकेकच पाटा! मस्टँगला तिथे पाट्यांची चळत होती. ही काटकसर 1962 च्या शेवी टू या साध्यासुध्या घरगुती गाडीतून आलेली. तिथे ती खपून गेली होती.

त्या कॅमारोत अ‍ॅक्सल धरून ठेवायला वेगळे दांडे जवळपास नाहीतच. वजन पेलायचं पाट्याने, अ‍ॅक्सल जागेवर राखायचा पाट्याने, आणि इंजिनाचा पीळही सोसायचा त्यानेच. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चाकं पुढे फिरतात आणि अ‍ॅक्सलचं घर उलट फिरू पाहतं. पाटा इंग्रजी एससारखा वाकतो, टायरची पकड सुटते, पाटा झटक्याने सरळ होतो, पकड पुन्हा बसते. मागची चाकं रस्त्यावर थडाथडा आपटू लागतात. 1968 मध्ये कंपनीने एक शॉक अ‍ॅब्सॉर्बर अ‍ॅक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे बसवला, जोरकस मॉडेलांना अनेक पाटेही दिले. शहाणपण आलं, वर्षभर उशिरा.

आज या गाड्यांचे हौशी मालक जुने पाटे काढून पाच पाट्यांचे संच घालतात, आणि त्याच वेळी गाडी दोनेक इंच खाली बसवतात. स्वस्त उपाय म्हणजे अ‍ॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये ठोकळा सारणं. मला तो पटत नाही. अ‍ॅक्सल पाट्यापासून जितका लांब, तितका त्याचा पीळ पाट्याला जास्त मुरगळतो. म्हणजे मूळ दुखणंच वाढवलं. कमी कमानीचा नवा पाटा, किंवा मेन पाट्याच्या टोकाचा गोल डोळा उलटा, खालच्या बाजूला वळवलेला, हा सरळ मार्ग. तरी कमान चपटी झाली की पाट्याची लांबी पसरते, मागचा शॅकल, म्हणजे पाटा जोडणारा झुलता दुवा, आणखी कलतो, रबरी बंपस्टॉपपर्यंतचं अंतर घटतं. प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडून ठरावीक वेगाला थरथर आली, तर अ‍ॅक्सलच्या बैठकीखाली पाचर घालावी लागते.

जुना पाटा काढताना खरी झटापट पुढच्या डोळ्याच्या बोल्टशी. पन्नास-साठ वर्षांच्या गंजाने तो बुशच्या नळीला घट्ट चिकटलेला असतो. तेल सोडून बघा, नाहीतर कापाच. गाडी बॉडीखाली लावलेल्या स्टँडवर, अ‍ॅक्सल जॅकवर. नवा पाटा आधी पुढे अडकवायचा, मग शॅकलला, दोन्हीकडे नट ढिलेच. मधल्या बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसलंच पाहिजे, नाहीतर अ‍ॅक्सल तिरका बसतो आणि गाडी एका अंगाने चालते. पाट्याखालची प्लेट मात्र लगेच आवळायची.

डोळ्यांचे नट गाडी स्वतःच्या चाकांवर उतरवून, दोन-चार वेळा दाबून, मगच आवळायचे. हवेत लटकत असताना आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो. गाडी खोटीच उंच दिसते आणि रबर लवकर फाटतं. घाईत चुकते ती हीच पायरी. उंचीही त्याच दिवशी मोजू नये. नवे पाटे थोडे चालल्यावर बसतात.

कॅमारोने पाटे सोडले ते 1982 मध्ये, तिसऱ्या पिढीत. तिथे मागे कॉइल स्प्रिंग आल्या, आणि अ‍ॅक्सल धरायला वेगळे दांडे.