बातमीच्या वेषातील जाहिरात

बीड तालुक्यातील पाली हे गाव बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, बिंदुसरा प्रकल्पाच्या सान्निध्यात वसलेले आहे. अशा रस्त्यावरच्या गावी वर्तमानपत्र वेळेवर येते व मोबाइलवर चित्रफितीही येतात. मृग जवळ आला की बियाणे, कीटकनाशके व पिकांची टॉनिके यांविषयीचा मजकूर एकाएकी वाढतो. ‘अमुक शेतकऱ्याने एकरी विक्रमी कापूस पिकविला’ असा वृत्तांत वाचून एखादा शेतकरी त्याचे कात्रण घेऊन दुकानी जातो आणि तीच पिशवी मागतो. तो मजकूर बातमीदाराने लिहिलेला होता की विक्रेत्याने पैसे देऊन छापविला होता, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. पावसावर अवलंबून असलेल्या शेतीत ह्या चुकीची किंमत एका पिशवीएवढी नसते. कित्येकदा ती संपूर्ण हंगामाएवढी असते.

बातमी व जाहिरात यांतील भेद

जाहिरात देणे हा गुन्हा नव्हे. नवे अवजार वा वाण बाजारात आले हे शेतकऱ्यास जाहिरातीवरूनही कळते. उघड जाहिरात वाचताना वाचक सावध असतो, कारण विकणारा आपल्या मालाची स्तुती करणारच, हे तो जाणतो. बातमीच्या बाबतीत मात्र कोणी तिऱ्हाइताने पाहून व विचारून लिहिले आहे, असा त्याचा विश्वास असतो. जाहिरातीस बातमीचा मथळा, छायाचित्र व शेतकऱ्याची मुलाखत यांचा साज चढविला की तो विश्वास विक्रेत्यास आयता मिळतो. म्हणूनच जाहिरात ही बातमीपासून स्पष्टपणे वेगळी दिसली पाहिजे, असा भारतीय वृत्तपत्र परिषदेचा दंडक आहे.

यवतमाळचे उदाहरण

महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांनी लक्षात ठेवावे असे एक उदाहरण यवतमाळ जिल्ह्यातील आहे. भांबराजा व अंतरगाव ह्या गावांत बीटी कापसामुळे समृद्धी आली व तेथे एकही आत्महत्या झाली नाही, अशा आशयाचा पानभर वृत्तांत ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या नागपूर आवृत्तीत ३१ ऑक्टोबर २००८ रोजी आला. हा दौरा महिको मॉन्सँटो बायोटेक ह्या कंपनीने आयोजित केला होता. पुढे २८ ऑगस्ट २०११ रोजी तोच मजकूर त्याच वृत्तपत्रात पुन्हा आला. ह्या वेळी तो पैसे देऊन छापलेला ‘मार्केटिंग फीचर’ होता. मार्च २०१२ मध्ये संसदेची कृषिविषयक स्थायी समिती भांबराजास गेली, तेव्हा गावात १४ आत्महत्या झाल्याचे गावकऱ्यांनी सदस्यांस सांगितले. पत्रकार पी. साईनाथ यांनी १० मे २०१२ रोजी ‘द हिंदू’मध्ये हा सर्व प्रकार मांडला. २००८ चा वृत्तांत वार्ताहरांनी स्वतः लिहिला होता, आपण केवळ शेतापर्यंतच्या प्रवासाची सोय केली होती व २०११ चा मजकूर हे त्याचेच पुनर्मुद्रण होते, असे कंपनीचे म्हणणे होते.

ते म्हणणे जसेच्या तसे मानले तरी बोध स्पष्ट आहे. जो मजकूर एकदा बातमी म्हणून आला, तोच सुमारे तीन वर्षांनी जाहिरात म्हणून चालला आणि वरवर वाचणाऱ्यास दोहोंत भेद दिसला नसता. दरम्यान शेतातील परिस्थिती बदलते, परंतु छापलेला मजकूर बदलत नाही. बीटी वाणांनी प्रारंभी बोंडअळ्यांना आवर घातला हे खरे. तथापि पुढे गुलाबी बोंडअळीत प्रतिकारशक्ती निर्माण झाली आणि २०१७ च्या हंगामात तिने राज्यातील कापसाचे मोठे नुकसान केले.

ओळखण्याच्या खुणा

प्रथम पानाचे कोपरे पाहावेत. ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’, ‘मार्केटिंग फीचर’, ‘उपक्रम’ असे शब्द बारीक अक्षरांत कोठेतरी असतात. अक्षरांचे वळण व चौकट नेहमीच्या बातम्यांहून निराळी आहे काय, हेही पाहावे. एकच मजकूर दोन वर्तमानपत्रांत शब्दशः आला असेल, तर तो पुरविलेला आहे असे समजावे.

त्यानंतर मजकुरात काय नाही ते शोधावे. एकाच कंपनीच्या मालाचे नाव वारंवार येते. परंतु जमीन कोणती, पाणी किती दिले, खर्च किती झाला, शेजारच्या शेतात काय पिकले, हे सांगितलेले नसते. बागायती शेतातील उतारा कोरडवाहू शेतकऱ्यापुढे ठेवणे ही नेहमीची युक्ती होय. चित्रफितींनाही हाच नियम लागू आहे. मोबदला घेऊन केलेल्या प्रचारावर तसा उल्लेख असावा, अशी मार्गदर्शक तत्त्वे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये दिली आहेत.

खरेदीपूर्वी व खरेदीनंतर

कात्रण दुकानी नेण्यापूर्वी कृषी कर्मचाऱ्यास दाखवावे. अंबाजोगाई व खामगाव येथील कृषी विज्ञान केंद्रे आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ यांची त्या वाणाविषयी वा औषधाविषयी शिफारस आहे काय, हे विचारावे. कीटकनाशकाच्या वेष्टनावर नोंदणी क्रमांक व ते कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी वापरावयाचे हे छापलेले असते. वर्तमानपत्रातील दाव्यापेक्षा तो मजकूर प्रमाण मानावा.

नवे टॉनिक वापरून पाहावयाचेच असेल, तर त्याच शेतात काही ओळी फवारणीवाचून ठेवाव्यात. बाकी मशागत सारखीच करावी. दोन्ही भागांतील सारख्याच संख्येच्या ओळींचा कापूस प्रत्येक वेचणीस वेगवेगळा तोलावा. वाढीव कापसाच्या किमतीतून टॉनिकाची किंमत व फवारणीची मजुरी वजा करावी. जे उरेल तोच खरा लाभ.

खरेदीची पावती, रिकामी पिशवी, तिची खूणचिठ्ठी, थोडे बियाणे व मूळ कात्रण हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. बियाणे घेणारा शेतकरी हा कायद्याने ग्राहकच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात दिला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये फसव्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वृत्तपत्राविषयी तक्रार असल्यास प्रथम संपादकास लेखी कळवून मग वृत्तपत्र परिषदेकडे जावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस

पेरणीपूर्व बैठकीत त्या आठवड्याचे वर्तमानपत्र सर्वांसमोर उघडावे आणि शेतीविषयक प्रत्येक मजकुरास तीन प्रश्न लावून दाखवावेत: हे कोणी लिहिले? त्याचे पैसे कोणी दिले? ह्यात काय सांगितलेले नाही? ज्यांस वाचता येत नाही त्यांनाही हे प्रश्न विचारता येतात. कार्यकर्त्याने स्वतःही कोणत्याही कंपनीचा मजकूर शहानिशा केल्यावाचून पुढे धाडू नये. कारण त्याच्या तोंडून आलेली जाहिरात गावास शासनाचा सल्ला वाटते. बियाण्याची उगवणशक्ती पाहूनच पेरणी करण्याची रीत शेतकऱ्यांस ठाऊक आहे. छापील शब्दही तसाच पारखून घ्यावा, म्हणजे हंगाम दुसऱ्याच्या लाभासाठी खर्ची पडणार नाही.