तरफेची रायफल आणि बोथट गोळी

तरफ शिकवताना आपण अडकित्ता आणि पहार दाखवतो. अमेरिकन काऊबॉयपटांतील रायफलमध्येही तरफच असते. चापाभोवतीची कडी खाली ढकलली की रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि हातोडी ताणली जाते. कडी वर घेतली की नवे काडतूस जागेवर बसते. 1860 साली बेंजामिन टायलर हेन्री यांनी तिचे पेटंट घेतले. एका भरणीत 16 गोळ्या! त्या काळी बहुतेक सैनिक प्रत्येक बारानंतर बंदूक पुन्हा भरत.

खरी गंमत पुढेच आहे. काडतुसे बॅरलखालच्या नळीत एकामागे एक राहतात. मागच्याचे टोक पुढच्याच्या बुडाला टेकते. 1873 च्या विंचेस्टरमध्ये बुडाच्या मध्यभागी ठिणगीची टोपी आली. गोळी अणकुचीदार असती, तर हादऱ्याने टोपी फुटून नळीतच स्फोट झाला असता. म्हणून गोळी बोथट ठेवली. पण बोथट गोळीला हवेचा रोध अधिक, त्यामुळे वेग लवकर घटतो. विसाव्या शतकाच्या आरंभी सैन्यांनी टोकदार गोळ्या स्वीकारल्या आणि ही रायफल रणांगणावर मागे पडली.

शिकारी मात्र तिला सोडीनात. दाट रानात हरिण जवळच दिसते. तिथे हलकी, चपटी, झटपट चालणारी बंदूकच बरी. ब्राउनिंग यांच्या 1894 च्या रचनेच्या 70 लाखांहून अधिक रायफली बनल्या. आता तर मऊ, लवचिक टोकाच्या अणकुचीदार गोळ्याही मिळतात. त्या नळीत निर्धोक राहतात.