वेगळेपण राखून जोडणारे नियम

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने २०१६ साली तिला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. तिच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांची चर्चा खूप होते. पण लहर कोणत्या दिशेने आली हे एकट्या वेधशाळेला नेमके सांगता येत नाही. त्यासाठी दूरदूरच्या नोंदींतला मिलिसेकंदांचा फरक ताडावा लागतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो आणि इटलीतली व्हर्गो यांच्या नोंदी एकत्र पाहिल्यामुळेच दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या धडकेची जागा आकाशात आखता आली. या वेधशाळांची घडण सारखी नाही. व्हर्गोच्या भुजा तीन किलोमीटरच्या, तर जपानची काग्रा जमिनीखाली, अतिशीत आरशांची. सारखी आहे ती उपग्रहांवरून घेतलेली वेळ आणि नोंदींच्या फाइलचा आराखडा. आतून हवे तसे राहावे, सीमेवर मात्र मोजक्या बाबींवर एकमत असावे, हेच तत्त्व संगणकजाळ्यांच्याही मुळाशी आहे आणि इंटरनेटच्या विस्ताराचे खरे कारणही तेच आहे.

१९७०च्या दशकात अमेरिकेकडे तारांवरचे अर्पानेट, रेडिओवरचे जाळे आणि उपग्रहावरचे जाळे अशी तीन वेगळी जाळी होती. त्यांचा वेग, पॅकेटचा म्हणजे माहितीच्या तुकड्याचा आकार, चुका हाताळण्याची रीत, सारेच निराळे. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी मे १९७४च्या निबंधात सुचवले, की कोणतेही जाळे आतून बदलू नये. दोन जाळ्यांच्या सीमेवर ‘गेटवे’ हा संगणक बसवावा. त्याने पॅकेटवरचा पत्ता वाचावा, एका जाळ्याचे वेष्टन काढून दुसऱ्याचे चढवावे आणि पॅकेट पुढे पाठवावे. वाटेत काही हरवले तर ते पुन्हा मागवण्याची जबाबदारी दोन टोकांच्या संगणकांची. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी ही तिन्ही जाळी जोडून दाखवण्यात आली आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने याच कल्पनेवर आधारलेले टीसीपी/आयपी हे प्रोटोकॉल, म्हणजे संवादाचे नियम, स्वीकारले. आजचा राउटर हा त्याच गेटवेचा वंशज.

यावर कोणी म्हणेल, की इतका खटाटोप कशाला, सगळीकडे एकच पद्धत का नको? हिंगोलीवरून जाणारा पूर्णा-अकोला लोहमार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला, तेव्हा प्रश्न कायमचा सुटलाच ना! पण रेल्वेचा मालक एक होता आणि रुळांमधले अंतर ठरलेले होते. जाळ्यांचे मालक हजारो, आणि माध्यम दर दशकाला नवे: तांब्याची तार, फायबर, मोबाइल. कालची एकच पद्धत सर्वांवर लादली असती, तर आजचा फायबर तिच्यात बसला नसता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मूळ नियमांत पाठवणाऱ्याची खातरजमा नव्हती आणि मजकूर गुप्त ठेवण्याची सोयही नव्हती. हा दोष खराच. परंतु गेटवेकडे काम थोडेच ठेवले होते, म्हणून मधली यंत्रे न बदलता दोन टोकांना कूटबद्ध संवादाची भर घालता आली. याउलट, ज्यावर सर्वांचे एकमत झाले ती पत्त्यांची रचना बदलणे किती जड जाते ते पाहा. आयपीच्या चौथ्या आवृत्तीतले सुमारे ४३० कोटी पत्ते अपुरे पडणार हे १९९०च्या दशकातच दिसले, सहावी आवृत्तीही तयार झाली. तरी दोन्ही आवृत्त्या आजही शेजारी शेजारी चालवाव्या लागतात. म्हणजे सामाईक नियम जितके थोडे, तितकी पुढच्या पिढीला मोकळीक अधिक.

इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज कोणालाही विनामूल्य वाचता येतात आणि त्यांवर सूचनाही करता येतात. औंढ्याची वेधशाळा जगाशी जोडली जाईल ती अशाच नियमांनी. हिंगोली-नांदेडच्या महाविद्यालयांनी हे दस्तऐवज मराठीतून समजावून शिकवायला आत्ताच सुरुवात करावी. जाळे वापरणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्याचे नियम घडवणारेही याच मातीतून यायला हवेत.