चांदीच्या हातून सोन्याकडे
कार्बीनमधल्या कार्बनला दोनच शेजारी असतात. उरलेली इलेक्ट्रॉनांची जोडी तो धातूला देतो आणि धातू-कार्बीन संकुल तयार होते. असे पहिले संकुल म्युनिकच्या अर्न्स्ट ओटो फिशर यांनी १९६४ साली जाहीर केले. दोन नायट्रोजनांच्या मधोमध कार्बन बसलेली कडीवजा कार्बीने १९६८ मध्ये वान्झलिक आणि ओफेले यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, धातूंवर बसवली. आज औषध आणि उत्प्रेरकांच्या संशोधनात जास्त वापरात आहेत ती हीच.

ती बनवणे मात्र कटकटीचे. ज्यापासून ती बनतात त्या इमिडाझोलियम क्षारातला प्रोटॉन काढायला तीव्र अल्क लागते, हवा आणि ओलावा दूर ठेवावा लागतो. रेणूच्या बाजूच्या साखळीत अमाइड असेल तर ते अल्क तिथलाही प्रोटॉन ओढून नेते आणि सारा खेळ बिघडतो.

१९९८ साली वांग आणि लिन यांनी यावर सोपा तोडगा दिला. क्षाराचे द्रावण काळपट सिल्व्हर ऑक्साइडबरोबर, उजेडापासून जपून, नुसते ढवळायचे. ऑक्साइडच अल्काचे काम करते, पाणी बाहेर पडते, चांदी कार्बीनला धरते. ऑक्साइडची भुकटी विरघळत जाते, त्यावरून प्रक्रिया कुठवर आली ते डोळ्यांना कळते. मग दुसऱ्या धातूचे क्लोराइड घातले की कार्बीन त्याच्याकडे सरकते आणि सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका तळाशी बसतो. तो गाळला की काम झाले. चांदी इथे अडत्यासारखी: माल घेते, पण आपल्याकडे ठेवत नाही. चांदी-कार्बीन बंध तुलनेने कमकुवत असतो, म्हणूनच हे जमते. शिवाय सिल्व्हर क्लोराइड लिटरभर पाण्यातसुद्धा जेमतेम २ मिलिग्रॅम विरघळते, त्यामुळे साका बसला की मागे फिरणे नाही.

पवईच्या आयआयटी मुंबईत प्रसेनजित घोष यांच्या गटाने हा मार्ग वापरला. दुलाल पांडा यांच्या सहकार्याने २००७ मध्ये 'जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी'त त्यांनी चांदी, सोने आणि पॅलेडियमच्या कार्बीन संकुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सोन्याचे संकुल चांदीच्याच संकुलापासून, डायमिथाइल सल्फाइड जोडलेल्या गोल्ड क्लोराइडशी प्रक्रिया करून मिळवलेले. सोन्याच्या संकुलाने बॅसिलस सबटिलिस या जिवाणूची वाढ रोखली. पॅलेडियमच्या संकुलाने प्रयोगशाळेतल्या कर्करोग पेशींवर सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधापेक्षा जास्त जोर दाखवला. अर्थात पेशींच्या ताटलीतून रुग्णापर्यंतची वाट लांब आहे.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. चांदी स्वतः ऑक्सिडीकारक असल्याने कमी ऑक्सिडीकरण अवस्थेतल्या धातूला ती बिघडवू शकते. कधी कार्बीनभोवतीचे गट इतके अवजड असतात की हस्तांतर अडते. खर्चही आहेच, कारण सगळी चांदी साक्यात जाते. म्हणून स्वस्त तांब्याच्या क्युप्रस ऑक्साइडचा पर्यायही वापरला जातो.