कोविडकालीन निर्बंध आणि वेतनाधारित सवलतीची पात्रता : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
कोविड-१९ च्या साथीत व्यवसाय बंद ठेवण्याचे आदेश शासनाने दिले; परंतु बंद काळात कामगार टिकवून ठेवण्याचा भार प्रामुख्याने मालकांवर पडला. तो हलका करण्यासाठी अनेक देशांनी वेतनाशी निगडित सवलती दिल्या. सवलत कोणापर्यंत पोहोचते, हे तिच्या पात्रतेच्या निकषावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात भारतातील निकषांचे स्वरूप स्पष्ट करून धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील लहान व्यवसायांच्या संदर्भात त्यांच्या मर्यादांचा विचार केला आहे.

निर्बंधावर आधारित निकष :
अमेरिकेत २७ मार्च २०२० च्या कायद्याने, कामगार न काढणाऱ्या मालकास वेतनावरील करात सवलत देण्यात आली. शासकीय आदेशामुळे व्यवसाय पूर्णतः अथवा अंशतः बंद राहणे किंवा विक्रीत मोठी घट होणे, ही पात्रतेची अट होती. म्हणजेच निर्बंधाने झालेले नुकसान हाच सवलतीचा आधार होता. मात्र 'अंशतः बंद' या शब्दप्रयोगाचा सैल अर्थ लावून अपात्र दावे मोठ्या प्रमाणावर दाखल झाले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील महसूल विभागास नव्या दाव्यांवरील प्रक्रिया थांबवावी लागली.

नोंदणीवर आधारित निकष :
भारतात २६ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या प्रधानमंत्री गरीब कल्याण योजनेत वेगळा मार्ग स्वीकारला गेला. भविष्य निर्वाह निधीतील कामगाराचा १२ टक्के व मालकाचा १२ टक्के असा एकूण २४ टक्के हिस्सा मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांसाठी केंद्र शासनाने भरला. त्यासाठी आस्थापनेत कामगारांची संख्या १०० पर्यंत असणे आणि त्यांपैकी ९० टक्के वा अधिक कामगारांचे मासिक वेतन १५,००० रुपयांपेक्षा कमी असणे आवश्यक होते. व्यवसाय बंद होता की सुरू, याचा विचार या निकषात नव्हता.

उदाहरणादाखल, २० कामगारांच्या आस्थापनेत १८ जणांचे वेतन मर्यादेच्या आत असल्यास प्रमाण ९० टक्के होऊन ती पात्र ठरते. त्या प्रत्येकाचे वेतन १०,००० रुपये धरल्यास दरमहा ४३,२०० रुपयांचा भार शासन उचलते. मात्र १७ जणच मर्यादेत असल्यास प्रमाण ८५ टक्के होते आणि त्या १७ जणांनाही काही मिळत नाही.

धाराशिव जिल्ह्यातील स्थिती :
१९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्यानुसार त्या काळी सर्वसाधारणपणे २० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच नोंदणी बंधनकारक होती. तुळजापूरची बाजारपेठ तुळजाभवानीच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांवर अवलंबून आहे. मार्च २०२० मध्ये बंद झालेली राज्यातील मंदिरे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा बंद होऊन ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेस खुली झाली. कवड्यांच्या माळा, परडी व हळद-कुंकू विकणारी दुकाने, खानावळी आणि लहान लॉज यांना या आदेशांची थेट झळ बसली. परंतु दहा-बारा कामगारांची खानावळ कायद्याच्या कक्षेत येत नसल्याने सवलतीच्याही कक्षेत येत नव्हती. याउलट, अत्यावश्यक सेवेत मोडणारी व सुरू असलेली नोंदणीकृत आस्थापना अटी पूर्ण केल्यास पात्र होती.

एप्रिल २०२१ च्या निर्बंधांवेळी राज्य शासनाने ५,४७६ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यातही फेरीवाले, बांधकाम कामगार व घरेलू कामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये देताना नोंदणी हाच आधार होता. खानावळीतील वाढपी या कोणत्याही यादीत बसत नव्हता.

निष्कर्ष :
नोंदणीच्या निकषाने पडताळणी सोपी होते व रक्कम थेट कामगाराच्या खात्यात जमा होते, हा त्याचा गुण नाकारता येत नाही. तथापि, निर्बंधाचे नुकसान एकाने सोसावे आणि सवलत दुसऱ्यास मिळावी, अशी विसंगती त्यातून निर्माण होते. १ ऑगस्ट २०२५ पासूनची केंद्राची रोजगार प्रोत्साहन योजनाही याच नोंदणीवर आधारलेली आहे. २० पेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांची ऐच्छिक नोंदणी वाढविणे आणि आपत्तीच्या काळात बंदचा आदेश हाही पात्रतेचा एक आधार मानणे, हे दोन उपाय एकत्रितपणे योजल्यास ही विसंगती कमी होऊ शकेल.